काळा गोबी मासा चार दिवस एकाच जागी बसून आहे. दुकानदार म्हणतो जिवंत प्रवाळ घ्या. काय करू?

मार्कंडेयकाठ, ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, टिळकवाडीत राहतो. खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी सात महिने चालू आहे, पाणी साधारण ६० लिटर. आत दोन क्लाउन मासे आणि मृत दगड. जिवंत प्रवाळ एकही नाही.

गेल्या गुरुवारी बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून काळा गोबी मागवला. रात्रभर बसमधून आला. करंगळीच्या शेवटच्या पेराएवढा आहे, काळाभोर, डोकं गोलमटोल, डोळे मोठे. टाकीत सोडल्यापासून दोन दगडांच्या फटीत परांवर टेकून बसलाय, पोहत म्हणून नाही. समोरून फ्लेक्स, म्हणजे कोरड्या खाद्याच्या पापड्या, वाहत जातात, तो नुसता बघतो. आज चौथा दिवस. पोट आत गेल्यासारखं दिसायलंय.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, ‘हा मासा जिवंत प्रवाळाशिवाय जगतच नाही, तुकडा आहे माझ्याकडे, चार हजारात पाठवतो.’ हे घेताना का सांगितलं नाही, याचं उत्तर मिळालं नाही.

पैशांचा प्रश्न नाही. मुलगी सातवीत आहे, शाळेतून आली की टॉर्च घेऊन टाकीपुढं बसते. मासा मरू नये एवढंच. तुकडा घ्यावा का?

---

निपाणीचा टाकीवाला, ४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दादा, घाई करू नका. तुकडा अजिबात मागवू नका, कारण नंतर सांगतो. आधी हे सांगा: खारटपणा किती, पहाटेचं तापमान किती, अमोनिया-नायट्राइट तपासलंय का, आणि फ्लेक्सशिवाय काय घातलंय?

---

मार्कंडेयकाठ, ४ नोव्हेंबर, रात्री १०:३१

खारटपणा १.०२४. अमोनिया, नायट्राइट शून्य. तापमान संध्याकाळी २६, पण आज पहाटे बघितलं तर २३. हीटर ५० वॅटचा आहे, मध्यरात्री लाईट गेली होती दोन तास. खायला फ्लेक्सच, क्लाउन तेच खातात.

---

निपाणीचा टाकीवाला, ४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मग मासा आजारी असायचं कारण नाही. बसून राहणं हाच त्याचा स्वभाव. पोटाखालचे दोन पर जुळून त्याची वाटी झालेली असते, तिनं तो फांदीला चिकटून बसतो. क्लाउनसारखा टाकीभर फिरणारा मासा हा नव्हे. माझ्याकडचा पिवळा गोबी दोन वर्षं एकाच कोपऱ्यात होता आणि ठणठणीत होता.

खरी अडचण खाण्याची आहे. त्याचं तोंड बघा केवढं आहे. फ्लेक्स त्याला ओळखूच येत नाहीत. समुद्रात तो शेजारून वाहणारे बारीक जीव टिपतो, हलणारे. तेव्हा उद्या सकाळी आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवाची, अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून लावा. आपल्याकडं आता गारठा पडलाय, म्हणून बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, नाहीतर दीड दिवस लागतो. फुटलेली पिल्लं बारीक गाळणीत धरून गोड्या पाण्यात एकदा खळबळा आणि ड्रॉपरनं थेट त्याच्या नाकासमोर सोडा. पंप पाच मिनिटं बंद. क्लाउनना त्याआधी दुसऱ्या टोकाला खायला घाला, नाहीतर ते सगळं ओढतात. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. चार-पाच दिवसांनी फ्रोझन सायक्लोप्स, मग बारीक चिरलेलं मायसिस; दोन्ही असेच बारीक जीव, गोठवलेले मिळतात.

हीटर १०० वॅटचा घ्या. लाईट जाते तेव्हा टाकीला जाडं घोंगडं गुंडाळा, वरून मात्र उघडी ठेवा. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्या. नोव्हेंबर ते जानेवारी बेळगावात समुद्री टाकीला थंडी मारते, उन्हाळा नाही. पुण्या-मुंबईची मंडळी चिलर घ्या म्हणून सांगतात, ते आपल्याला लागू नाही.

अजून एक. या माशाला खवले नसतात. पांढरे ठिपके दिसले म्हणून तांब्याचं औषध ओतू नका, आधी इथं विचारा.

---

खडेबाजार, ५ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

कशाला एवढी मेहनत? मी तुकडा ठेवलाय, कुणी विचारायला येत नाही. मासा त्याच्यावर जाऊन बसला की प्रश्न मिटला.

---

निपाणीचा टाकीवाला, ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

काल सांगायचं राहिलं ते हेच. दगडी प्रवाळ, म्हणजे खडक बांधणारं, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २००१ पासून. वाघ आहे त्याच यादीत. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हेही त्यातच. विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळा गुन्हा. विचारायला कुणी येत नाही हे खरं असेल, पण मुलीला आपण काय म्हणून दाखवणार तो तुकडा?

आणि कायदा बाजूला ठेवला तरी सात महिन्यांची ६० लिटरची टाकी, साधा दिवा, पहाटे तीन अंश उतरणारं पाणी. यात फांदीचं प्रवाळ महिनाभरात पांढरं पडून मरतं. मेलं की पाणी नासतं, आणि मग मासाही जातो.

---

जुना प्राणिशास्त्रवाला, ५ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

मी बेळगावातल्याच एका महाविद्यालयात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

मार्कंडेयकाठ यांनी केलेल्या वर्णनावरून मासा गोबिओडॉन या प्रजातीतला आहे, बहुधा गोबिओडॉन सेरामेन्सिस. इंडोनेशियातल्या सेराम बेटावरून हे नाव पडलं. नाव देणारा ब्लीकर हा डच सैन्यातला डॉक्टर. १८४२ ते १८६० तो बटावियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या बाजूला होता आणि नोकरी सांभाळून त्यानं त्या समुद्रातले मासे वर्णिले. मासा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. बाजारात ‘काळा गोबी’ या एका नावाखाली दोन-तीन जाती एकत्र विकल्या जातात, त्यांची राहण्याची प्रवाळं मात्र वेगवेगळी. सेरामेन्सिस स्टायलोफोरा पिस्टिलाटा या बोटांसारख्या आखूड फांद्यांच्या प्रवाळात राहतो.

आता त्या विक्रेत्याच्या म्हणण्याकडे येतो. मासा प्रवाळाशिवाय मरतो हे खोटं. पण समुद्रात तो प्रवाळ सोडत नाही हे खरं, आणि ते का, हे मुलीला जरूर सांगा.

ओहोटीला उथळ खडक उघडा पडतो. फांद्यांमधल्या पाण्यातला प्राणवायू रात्री संपत येतो, कधी पाणीच उरत नाही. बाकीचे मासे केव्हाच खोल पाण्यात गेलेले असतात. हा जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या याच्या भावावर, गोबिओडॉन हिस्ट्रिओवर, २००४ साली प्रयोग प्रसिद्ध झाले. प्राणवायू जवळजवळ संपला तरी तो तग धरतो आणि पाण्याबाहेर ओल्या फांदीत तीन तासांहून जास्त जगतो, हवेतून श्वास घेत. बाहेर शत्रू आहेत आणि दुसरं रिकामं घर मिळायची खात्री नाही, म्हणून घर सोडण्यापेक्षा गुदमरणं त्यानं पत्करलं.

प्रवाळाला याचं भाडंही मिळतं. फिजी बेटांवर २०१२ साली दोन शास्त्रज्ञांनी ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाला मुद्दाम एक विषारी हिरवं शेवाळ टेकवलं. शेवाळाच्या विषानं प्रवाळाचं अंग भाजायला लागतं. काही मिनिटांत आतले गोबी त्या जागी आले आणि शेवाळ कुरतडू लागले. तीन दिवसांत शेवाळ सुमारे ३० टक्क्यांनी घटलं, प्रवाळाची इजा ७० ते ८० टक्क्यांनी कमी झाली. नुसत्या शेवाळाच्या वासाला मासे हलत नव्हते. शेवाळानं दुखावलेल्या प्रवाळाजवळचं पाणी सोडलं की येत होते. म्हणजे हाक प्रवाळाची होती. त्याच फांद्यांत राहणारे दुसरे मासे, डॅमसेल, मात्र घर सोडून निघून गेले.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. हिस्ट्रिओ ते शेवाळ नुसतं तोडत नाही, खातो, आणि खाल्ल्यावर त्याच्या अंगावरचा चिकट द्रव आणखी विषारी होतो. खवले नसलेल्या या इवल्या माशाचं चिलखत म्हणजे तो द्रवच. शेजाऱ्याला वाचवता वाचवता त्याचं स्वतःचं चिलखत जाड होतं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करत.

---

शहापूरचा, ५ नोव्हेंबर, दुपारी १:०५

सर, वाचताना भान हरपलं. एक शंका. आमच्या शहापुरात सराफ अंगठीत पोवळं बसवून देतात, मंगळासाठी. ते पण हेच प्रवाळ का? मग तेही गुन्ह्यात येतं का?

---

जुना प्राणिशास्त्रवाला, ५ नोव्हेंबर, दुपारी १:४०

नाही. अंगठीतलं लाल पोवळं कोरॅलियम नावाच्या वेगळ्या जीवाचं. मुख्यत्वे भूमध्य समुद्रातून येतं, अंधाऱ्या आणि खोल जागी वाढतं. ते प्रवाळखडक बांधत नाही आणि मी सांगितलेले गोबी त्याच्यात राहत नाहीत. मराठीत दोन्हींना आपण पोवळं-प्रवाळ म्हणतो, त्यानं घोळ होतो.

बेळगावकरांना गोबी परके नाहीत, तेवढं सांगतो. घटप्रभा-मलप्रभेत वाळूवर चिकटून बसणारा खरपा असतो ना, काही जण खरबी म्हणतात, तो गोबीच. चोर्ला घाट उतरून खाडीवर गेलात की चिखलात उड्या मारणारे निवटे दिसतील, तेही याच गणातले. निवटा चिखलावर हवेतून श्वास घेतो आणि हा प्रवाळात. चुलतभावंडांचा गुण आहे.

---

समुद्रवेडी, ५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मूळची कारवारची, आता नोकरीसाठी बेळगावात. सरांनी लिहिलेलं मी पाण्याखाली पाहिलंय, म्हणून लिहिते.

डायव्हिंग मी मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर शिकले. नंतर २००९ मध्ये अंदमानला गेले. पहिल्या दिवशी मी सगळ्यांसारखीच मोठे मासे शोधत होते. आमच्या मार्गदर्शकानं मला थांबवलं, एका झुडपासारख्या ॲक्रोपोरासमोर गुडघ्यांवर, वाळूत. पाच मिनिटं काहीच दिसेना. मग फांद्यांच्या आत एक डोळा हलला. मग दुसरा. काळसर, बोटाच्या नखापेक्षा थोडे मोठे दोन गोबी. मी हात जवळ नेला तर पळाले नाहीत, फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकले फक्त. आपण दाराआड होतो ना, तसे. हवा संपेपर्यंत मी तिथंच होते.

२०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचं पाणी तापलं आणि प्रवाळ पांढरं पडलं. २०११ मध्ये मी त्याच जागी गेले. झुडूप उभं होतं, सगळं शेवाळानं माखलेलं, तपकिरी. फांद्या जागच्या जागी होत्या. आत कुणी नव्हतं.

मी पाण्यात रडले. मास्कमध्ये पाणी साठलं तर काढता येतं, ते काढत राहिले.

मार्कंडेयकाठ, तुम्ही तो तुकडा घेऊ नका एवढंच सांगायला आले होते. तो कुठल्या तरी झुडपातून तोडलेला असेल.

---

मार्कंडेयकाठ, ५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

ताई, तुमचं लिहिलेलं घरात मोठ्यानं वाचलं. तुकडा मागवत नाही, विक्रेत्याला कळवलं. आर्टेमिया सकाळी लावलाय, बाटली भाताच्या कुकरशेजारी ठेवलीय.

मुलीनं विचारलंय: मग मासा पण समुद्रातूनच आणलाय की, तो कसा चालतो?

मला उत्तर देता आलं नाही.

---

निपाणीचा टाकीवाला, ५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

तिचा प्रश्न बरोबर आहे. हे गोबी टाकीत अंडी घालतात, काही ठिकाणी पैदासही होते, पण आपल्याकडं येणारे बहुतेक समुद्रातूनच पकडलेले. मी स्वतः आता पैदास केलेलेच क्लाउन घेतो, गोबी घेणं बंद केलंय. पण हा आता आलाय. परत समुद्रात सोडायचा नाही, हे तिला नक्की सांगा. तो आपल्या किनाऱ्याचा नव्हे, आणि टाकीतला रोग तिकडं जायला नको. त्याला नीट जगवायचं.

---

खानापूरची माती, ६ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

आमचं घराणं कुंभारकामातलं, खानापूर. मला माशातलं काही कळत नाही, पण एक सुचलं. त्याला फांद्या पाहिजेत, बरोबर? जिवंतच पाहिजेत असं नाही ना? मातीच्या फांद्या करून देता येतील की. खानापूरची माती कौलं, माठ, सगळ्याला जाते. बोटाएवढ्या फांद्या ओल्या मातीत जोडून, सावलीत आठ दिवस वाळवून, पक्क्या भाजल्या तर पाण्यात विरघळायच्या नाहीत. चालेल का सांगा.

---

निपाणीचा टाकीवाला, ६ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

अण्णा, उत्तम चालेल! झिलई नको, रंग नको, राख मिसळलेली माती नको. भाजणी पूर्ण पाहिजे, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजली पाहिजे. दोन फांद्यांमध्ये एक-दीड सेंटिमीटर जागा ठेवा, क्लाउनला आत शिरता येऊ नये एवढीच. टोकं गोल करा, माशाचं अंग उघडं असतं. टाकीत घालण्याआधी आठवडाभर आरओच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, रोज पाणी बदलून.

---

खानापूरची माती, ६ नोव्हेंबर, सकाळी ९:००

स्टायलोफोराचा फोटो कुणीतरी टाका, तसंच करतो.

---

मार्कंडेयकाठ, ८ नोव्हेंबर, रात्री ८:५०

आज पहिल्यांदा खाल्लं! दुपारी ड्रॉपरनं आर्टेमिया सोडला, दोन मिनिटं नुसता बघत होता. मग मान पुढं करून एक टिपला. मग लागोपाठ सात-आठ. मुलीनं मोजले.

आता एक विचारतो. तो एकटा आहे म्हणून वाईट वाटायलंय. जोडीला मादी आणावी का? आणि नर-मादी ओळखायचे कसे?

---

जुना प्राणिशास्त्रवाला, ८ नोव्हेंबर, रात्री १०:१०

छान बातमी दिलीत.

ओळखायची गरज माशांनाच पडत नाही. या प्रजातीत लिंगबदल दोन्ही दिशांनी होतो, मादीचा नर आणि नराची मादीही. बऱ्याच माशांत हा बदल एकाच बाजूनं होतो. इथं दोन्ही बाजूंनी होण्याचं कारण पुन्हा तेच, घर. एका प्रवाळातून दुसऱ्यात जाणं जीवावरचं काम. मधल्या दोन-चार मीटरच्या उघड्या वाळूत कुणीही खाऊन टाकतं. इतकं करून पोचलेल्याला आत आपल्याच लिंगाचा जोडीदार भेटला तर? परत जायची सोय नाही. मग दोघांतला एक बदलतो आणि जोडी जमते. फांदीच्या बुडाशी थोडी जागा साफ करून अंडी घालतात, नर राखण करतो.

तरी दुसरा आणू नका. ६० लिटरमध्ये एकच मातीचं झुडूप असणार, आणि घरावरून हे मासे भांडतात. यांच्या जवळच्या पॅरागोबिओडॉन झँथोसोमा या जातीत तर एका प्रवाळातल्या माशांची उतरंड आकारावर ठरते. खालचा वरच्याच्या ९०-९५ टक्के आकाराजवळ आला की वरचा त्याला हाकलतो. म्हणून खालचा आधीच खाणं कमी करतो. संशोधकांनी वरून जास्त अन्न दिलं तरी, मर्यादेजवळ पोचलेले खालचे मासे कमीच खात होते. घराबाहेर पडणं म्हणजे मरण, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं आहे.

आपण सीमाभागातली माणसं. घर एकीकडे, कागद दुसरीकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय. या माशाचा हट्ट मला समजतो.

---

समुद्रवेडी, ८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

सर, ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझार्ड बेटावर या गोबींवर झालेलं काम पाहिलंत का? २०१४ आणि २०१५ ची दोन वादळं आणि नंतर २०१६, २०१७ चं प्रवाळ पांढरं पडणं, एवढं सोसल्यावर काही वर्षांनी प्रवाळ थोडंफार परतलं, पण गोबी त्या वेगानं परतले नाहीत. घरं होती, राहणारे नव्हते. ते वाचलं तेव्हा मला माझं अंदमानचं झुडूप आठवलं.

---

जुना प्राणिशास्त्रवाला, ९ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

हो. आणि हे मासे कमी झाल्याचं वरून पोहणाऱ्याला कळतही नाही. खडकावर लपून राहणाऱ्या अशा बोटभर माशांचा हिशोब २०१९ मध्ये मांडला गेला. प्रवाळखडकावर जेवढं मासळीरूपी अन्न खाल्लं जातं त्यातलं जवळजवळ ६० टक्के या लहान माशांचं असतं. एव्हिओटा सिगिलाटा हा पिग्मी गोबी तर अवघे ५९ दिवस जगतो. जन्मतो, वाढतो, पैदास करतो, दुसऱ्याच्या पोटात जातो आणि सगळा खडक चालतो.

---

खडेबाजार, ९ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

मंडळी, चार दिवस गप्प बसून वाचत होतो. माझ्या तुकड्याच्या दोन फांद्या पांढऱ्या पडल्यात. निपाणीकरांनी लिहिलं होतं तसंच झालं. पुढचा घेणार नाही. खानापूरच्या अण्णांना माझंही एक झुडूप सांगतो, पैसे जे होतील ते.

---

मार्कंडेयकाठ, २९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

उशिरा लिहितोय, माफ करा.

अण्णांनी गेल्या आठवड्यात झुडूप स्वतः आणून दिलं, माठ बांधतात तसं गवतात बांधून. अकरा फांद्या आहेत. पैसे घेतले नाहीत, मुलीच्या हातचा चहा घेतला. ते आठ दिवस आरओच्या पाण्यात ठेवलं, आज दुपारी टाकीत उतरवलं, त्याच्या फटीपासून वीतभर अंतरावर.

तीन तास काही नाही. मुलगी अभ्यासाची वही घेऊन समोर बसली होती. साडेसहाला लाईट गेली, आम्ही घोंगडं आणायला उठलो. टॉर्च लावली तर फट रिकामी. काळजात धस्स झालं, टाकीच्या मागं, जमिनीवर, सगळीकडं शोधलं.

तिनंच बघितलं. चौथ्या आणि पाचव्या फांदीच्या मधे, तोंड आमच्याकडं करून बसलाय.

---

खानापूरची माती, २९ नोव्हेंबर, रात्री ९:४२

फोटो टाका की लवकर. आई विचारायलीय.